लाकडालाही थंडी वाजते

सुरतेत हिवाळा असतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बाकी सगळ्या सुरतेला हिवाळा ही ऐकीव गोष्ट आहे. डिसेंबरात चार-सहा दिवस पंखा पाचावरून दोनावर येतो, नाक्यानाक्यावर उंधियूच्या पाट्या लागतात, सकाळच्या पाळीला जाणारे लोक सायकलीवर कानाला रुमाल बांधतात, आणि तेवढ्यात संक्रांत येते. झाला हिवाळा. मामांचा हिवाळा मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा आणि महाशिवरात्र उलटून गेल्यावर, तोही नाइलाजानं, संपायचा. यातली गंमत अशी की, खुद्द मामांना थंडी कधी वाजलीच नाही. ऐन जानेवारीत ते गंजिफ्राकावर हिंडायचे. थंडी वाजायची ती त्यांच्या घरातल्या लाकडाला.

हे लाकूड म्हणजे पाच जुनी वाद्यं. दोन पेट्या, एक पखवाज, एक सारंगी आणि एक भजनातली वीणा. सुरतेतल्याच नवागामात दुसऱ्या माळ्यावर मामांची दीड खोली आहे. त्यातल्या एका खोलीत मामा आणि मामी राहायचे आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत वाद्यं, असं लोकांना वाटे. खरं म्हणजे उलट होतं. एका अख्ख्या खोलीत ही पाच मंडळी फळीवर ऐसपैस नांदत होती, आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जी अर्धी जागा उरे तिथे नवराबायको अंग चोरून संसार करत. यातलं एकही वाद्य मामांनी घेतलेलं नव्हतं. लिंबायतच्या एका भजनी मंडळानं वायरवर चालणारा कीबोर्ड आणला तेव्हा मोठी पेटी निराधार झाली आणि मामांकडे आली. धाकटी पेटी कुणाच्या तरी घरी पिठाच्या डब्याखाली पाट म्हणून वापरली जात होती, तिथून सोडवली. सारंगी तर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवली, कुकर आणि सायकलीच्या चाकाच्या मधून. पखवाज आणि वीणा कुठून आली ते मामांनाही नीट आठवत नाही. सुरतेत म्हाताऱ्या गुरांना सांभाळायला पांजरापोळ असतं, तसं हे वाद्यांचं पांजरापोळ, असं मामी म्हणायच्या. त्यात पुढे त्या हळूच जोडायच्या, "फरक इतलाच, तठे गायले चारा तरी लागस. आठे मन्हा पदर लागस पुसाले."

आणि आता मुख्य गोष्ट. मामांना यातलं एकही वाद्य वाजवता येत नाही. सा कुठे आणि प कुठे, हेही त्यांना ठाऊक नाही. एकदा माझ्या एका गायकी जाणणाऱ्या मित्रानं त्यांना विचारलं, "मग काका, ही सांभाळता कशाला?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं विचारलं होतं, तुम्ही नर्स नाही तर आईला औषध कशाला देता. ते म्हणाले, "वाजवणारे खूप शेत. वाजवल्यावर कोपऱ्यात टाकनारे बी तेच शेत." मामा माझ्याशी बोलताना, मी पडलो जालन्याकडचा जावई, म्हणून पुस्तकी मराठीत सुरुवात करायचे, पण विषय लाकडावर आला की दोनच वाक्यांत त्यांची गाडी 'आहेत'चं 'शेत' करत आपसूक खानदेशातल्या अहिराणीच्या रुळावर यायची. मग समोर जावई आहे की भंगारवाला, यानं काही फरक पडायचा नाही.

मामा आयुष्यभर उधन्यात लूमखात्यात मास्तर होते. मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत. मास्तर म्हणजे बिघडलेला लूम, म्हणजे कापड विणणारा यंत्रमाग, दुरुस्त करणारा माणूस. लाकडाचं सगळं शास्त्र त्यांनी तिथूनच आणलं होतं. थंडीत उत्तरेची कोरडी हवा सुटली की लूमवर तार फटाफट तुटते, मग शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात, ओली पोती लटकवतात, आणि हवेत जरा दमटपणा आला की तार पुन्हा शहाण्यासारखी चालते. मामांनी विचार केला की जी हवा सूत तोडते ती लाकडाला काय सोडणार. लाकूड सुकतं, आकसतं, पेटीचे सांधे उघडतात, त्यातून हवा गळते, पट्ट्या खुळखुळतात. सारंगीच्या खुंट्या भोकात सैल होऊन आपोआप फिरतात, आणि पखवाजाची पुडी ताणून ताणून एक दिवस फुटते. यात चूक काहीच नव्हती. माझ्या त्या गाणाऱ्या मित्रानंही मान डोलावली होती. चूक होती ती प्रमाणात. मामांनी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर रोज चार गोणपाटं ओली करून टाकायचे. खाली दोन माठ, तोंडं उघडी. खिडकी बंद, तिच्या फटीत चिंध्या. दार उघडून कुणी दोन मिनिटं उंबऱ्यावर बोलत उभं राहिलं की आतून आवाज यायचा, "पहिले दार लावा, मंग बोला." त्यामुळे त्यांच्याकडे येणारे पाहुणे आधी आत यायचे, दार लावायचे आणि मगच रामराम घालायचे.

हवा किती कोरडी आहे हे मोजायचं यंत्र बाजारात मिळतं, पण मामांचा त्याच्यावर विश्वास नाही. त्यांचं यंत्र मामी पुरवायच्या. खानदेशात ज्वारीचे बिबडे करतात, पापडासारखेच पण अंगानं दांडगे. मामा रात्री एक बिबडा भाजून घेऊन फळीवर सारंगीच्या शेजारी ठेवायचे आणि सकाळी उठून, तोंडही न धुता, तो मोडायचे. बिबडा नरम पडला तर हवा बरी. कडक राहिला तर संकट, लगेच गोणपाटं ओली. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मामी चहा टाकत होत्या, मामा खाली गेले होते, आणि समोर फळीवर एक सुंदर भाजलेला बिबडा. नव्या जावयासाठी काढून ठेवला असणार, असं समजून मी तो खाल्ला. मामा वर आले, फळीकडे पाहिलं, माझ्या सदऱ्यावरचे कण पाहिले. माणूस संयमी. फक्त एवढंच म्हणाले, "जावाईबापू, ते खायचं नव्हतं. ते यंत्र होतं." मग जरा थांबून, न राहवून, "कसं व्हतं? कडक का नरम?" मी कडक म्हणालो. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि बादली उचलली.

वाद्याला थंडीत बाहेर न्यायचं तर मामांचे नियम असे होते की नवरीची पाठवणी सोपी. एका दत्तजयंतीला लिंबायतच्या त्या मंडळाचा कीबोर्ड ऐन वेळी बंद पडला, आणि त्यांना आपल्या जुन्या पेटीची आठवण आली. मंडळाचे बुवा स्वतः मागायला आले. मामा हो म्हणाले, कारण पेटी शेवटी मंडळाची होती. पण नेणार मी, असं म्हणाले. मीही बरोबर गेलो. मोठ्या पेटीला आधी सुती चादर, वर रजई, तिच्यावर मामींची लग्नातली शाल, आणि मामा स्वतः अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. रिक्षात त्यांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं होतं आणि बाहेरच्या बाजूला मला बसवलं होतं, वारा अडवायला. रिक्षावाल्यानं आरशातून दोन-तीनदा पाहिलं आणि शेवटी हळू आवाजात विचारलं, "दवाखाने लई जवानुं छे, काका?" मामा म्हणाले, "नही, भजनाला. पण सावकाश चालव, वय झालंय तिचं." त्यानं खरोखरच सावकाश चालवली.

मंडपात पोचल्यावर खरा तमाशा झाला. बुवांनी पेटीला हात घातला आणि मामांनी तो बाजूला केला. गार वाऱ्यातून आलेलं वाद्य आल्या आल्या उघडायचं नाही, त्याला तासभर गाठोड्यातच नव्या जागेची हवा लागू द्यायची, हा त्यांचा नियम. पाहुणा दारात आला की लगेच त्याला नाच म्हणता का, असं त्यांनी बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, अहो, जन्माची वेळ होत आली. मामा म्हणाले, "दत्त थांबतील. लाकूड थांबत नाही." तासभर पन्नास माणसं त्या रजईकडे बघत बसली. बायका आपसात कुजबुजत होत्या की आत काय आहे. तास झाला तोवर जन्म झाला, पाळणा झाला, आरती टाळ्यांवर झाली, आणि लोक महाप्रसादाच्या पंगतीला उठले. पेटी जशी आली तशी परत गेली. तिचा एक सूरही कुणी ऐकला नाही. परतताना मामा मात्र फार खुशीत होते. घरी गेल्यावर रजई सोडून त्यांनी पेटीवर हात फिरवला आणि मामींना सांगितलं, "काही व्हयनं नही तिले." मामी म्हणाल्या, "तिले काय व्हई? मन्ही शाल उसवनी."

मामा वाद्याची तब्येत हातानं बघायचे, आणि याचं कारण मला फार उशिरा कळलं. पेटीचा भाता ते एका हातानं हलवायचे आणि दुसऱ्या हाताचा तळवा लाकडावर टेकवून डोळे मिटायचे. कुठे हवा गळते, कुठला सांधा सुटलाय, ते बरोबर सांगायचे. मला वाटे हा काही सिद्धीचा प्रकार आहे. तो सिद्धीचा नव्हता, लूमखात्याचा होता. चौतीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून मामांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हेत, पण बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसत. लूमवरच्या सगळ्याच जुन्या माणसांचं असं होतं. म्हणून तर नवागामात दोन म्हातारे गप्पा मारत असले की तिसऱ्या गल्लीला वाटतं भांडण लागलंय. ऐकू येत नाही हे मामा कबूल करत नसत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते अंदाजानं हो किंवा नाही म्हणत आणि दहातले सात अंदाज बरोबर निघत. उरलेल्या तिनांवर आमच्या घरात वर्षभर पुरेल एवढं हसू व्हायचं.

मामींचं आणि मामांचं बोलणं म्हणूनच चढ्या आवाजात, पण गोडीनं चालायचं. मामी सडपातळ, काटक, जिभेला धार. त्या पाचही वाद्यांना त्यांनी नावं ठेवली होती आणि सगळी नावं सासरच्या माणसांची होती. मोठी पेटी म्हणजे त्यांची सासू, कारण जागची हलत नाही आणि सगळ्यांनी तिला जपायचं. सारंगी म्हणजे धाकटी नणंद, जरा थंडी पडली की तोंड वाकडं. या वाद्यांवर त्या दिवसभर चिडायच्या आणि मामा बाहेर गेले की गोणपाटं वाळली म्हणून स्वतःच ओली करून ठेवायच्या. मी एकदा पकडलं तेव्हा म्हणाल्या, "ऱ्हावू द्या. येतीन आनि बादली उचलतीन, कंबर धरीन त्यासनी."

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात माझी बायको एकदा तिकडून परत आली. जेवताना म्हणाली, "मामी बोलताना मधेच थांबतात. छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं. मामांना ऐकू येत नाही का हो?" आणि बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की, नाही, मामांना ते ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ, मामींना दवाखान्यात नेऊ, असं ठरवलं. पण आम्ही निघायच्या आधीच, सकाळी मामी दूध आणायला खाली गेल्या आणि वर चढताना पहिल्या माळ्याच्या पायऱ्यांवर बसल्या, त्या उठेनात. ओठ निळसर पडले होते. शेजारच्या ओडिया बाईनं आरडाओरडा करून माणसं जमवली. मामा वर बिबडा मोडत बसले होते. त्यांना कुणीतरी हात धरून खाली आणलं तेव्हा त्यांना कळलं.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामींच्या तोंडावर मास्क होता, आणि मामा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर हात जोडून बसल्यासारखे बसले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती. त्यांनी कागद घेऊन चौकशी सुरू केली. धूर होतो का, कुणी विडी ओढतं का. मग विचारलं, "घरमां भेज छे, काका?" आणि भेज म्हणजे ओल, हा लूमखात्यात रोजचा शब्द. मामांना तो बरोबर ऐकू आला. त्यांचा चेहरा उजळला. दवाखान्यात आल्यापासून आपल्याला येणारा असा हा पहिलाच प्रश्न होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. चार गोणपाटं, दोन माठ, खिडकीच्या फटीत चिंध्या. बारा महिने नाही हां, फक्त थंडीत, पण एकदम व्यवस्थित. हवा जरासुद्धा कोरडी होऊ देत नाही. बिबड्याचंही सांगितलं. मी त्यांचा दंड दाबला, पण ते रंगात आले होते. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं आणि पेन मिटलं.

त्यांनी समजावून सांगितलं. आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग मोठ्यानं. बंद खोली, भिंतीला बुरशी, त्या हवेत दिवसरात्र श्वास. मामा चेहऱ्याकडे पाहून मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की हा अंदाज चुकीच्या तिनांतला आहे. त्यांना वाटत होतं की बाई त्यांना शाबासकी देत आहेत. डॉक्टरीणबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी मामींना जरा पुढे वाकवलं, मामांचा हात उचलला आणि मामींच्या पाठीवर तळवा टेकवला. मामांनी सवयीनं डोळे मिटले. दोन श्वास गेले, तीन गेले. मग ते म्हणाले, "हवा गळी ऱ्हायनी." कुणाला म्हणाले कोण जाणे. हात तसाच ठेवून त्यांनी मामींना विचारलं, "कवयपासून?" मामींनी मास्क बाजूला केला. "दिवाईपासून. मी सांगं व्हतं तुमले. तुमले आयकू उनं नही." आणि लगेच, त्यांचा तो चेहरा बघवेना म्हणून असेल, थट्टा करायला गेल्या, "मन्हा भाता फाटना तं कोन शिवी, मास्तर?" मामा हसले नाहीत. त्यांनी तो हात काढलाच नाही, नर्सबाईंनी उठा म्हणेपर्यंत.

संध्याकाळी त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी मनाची तयारी केली. या माणसानं साधी सारंगीची गवसणी बदलायची तर मला बावीस सूचना दिल्या होत्या. ते म्हणाले, "सगळी गोणपाटं काढा. माठ गच्चीवर ठेवा. खिडकी उघडा आणि भिंती खरवडून चुना मारा." मी विचारलं, "आणि वाद्यं?" ते म्हणाले, "तुमच्याकडे न्या." मी वाट पाहिली. रजईचं नाही, वाऱ्याचं नाही, तासभर उघडू नका नाही, काहीही नाही. मी मार्केटात साड्यांच्या पार्सलखात्यात काम करतो, बांधाबांध हा माझा धंदा आहे. फुगेवालं प्लास्टिक आणून पाचही मंडळींना असं बांधलं की कलकत्त्याला पाठवली असती तरी ओरखडा आला नसता. रिक्षात मोठी पेटी मांडीवर घेऊन बसलो आणि बाहेरच्या बाजूला बायकोला बसवलं. तिनं पदर पेटीवर ओढून घेतला.

मामी पंधरा दिवसांनी घरी आल्या. खोली पांढरी, कोरडी, खिडकी सताड उघडी. आता पंप नावाचं औषध ओढतात, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज थोडं चालतात. पांजरापोळ आमच्या उधन्याच्या घरी आलं. आमची बाहेरची खोली हवेशीर आहे, तिथे कुणी झोपत नाही, आणि आम्ही एकच गोणपाट टाकतो, तेही खिडकी उघडी ठेवून. मला वाटलं होतं मामा रोज येतील, आमचं जगणं मुश्किल करतील. बायकोनं तर त्यांच्यासाठी स्टूलही आणून ठेवलं. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते आले. सारंगीच्या तारा उतरवल्या, पखवाजाचे लाकडी गठ्ठे सरकवून चामड्याच्या वाद्या ढिल्या केल्या, सगळं मला नीट दाखवलं. अर्ध्या तासात उठले. "ती एकटी शे," म्हणाले. त्यानंतर आलेच नाहीत.

आणि माझ्या हातून व्हायचं ते झालं. डिसेंबरअखेरीस आम्ही जालन्याला लग्नाला गेलो, चार दिवसांचे आठ झाले, घर बंद. इथे नेमका तोच आठवडा कोरडा गार वारा सुटलेला. आल्यावर मोठ्या पेटीचा भाता दाबला तर सुराआधी फुस्स. मागच्या बाजूचा सांधा नखभर उघडला होता. मामांनी जिला अकरा हिवाळे सांभाळलं, तिला मी एका लग्नात घालवलं. बायको म्हणाली, जाऊन सांगून या, बोलतील ते ऐकून घ्या. रविवारी सकाळी मी नवागामात गेलो. सगळा रस्ता शिव्या खायची तयारी करत गेलो. खरं सांगायचं तर, जरा हौसेनंच. वर्षभरात त्यांचं बोलणं खाल्लं नव्हतं.

मामा जिन्यातच भेटले. मामी पुढे, भाजीची पिशवी मामांच्या हातात, दोघं वर चढत होते. मामा दोन पायऱ्या मागे, आणि त्यांची नजर मामींच्या खांद्यांवर. श्वास ऐकू येत नाही, म्हणून खांदे किती वर उचलले जातात ते बघत होते. मी खालून हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. वर जाऊन अख्ख्या इमारतीला कळेल एवढ्या आवाजात सांगितलं, "मामा, मोठ्या पेटीचा सांधा सुटला. माझ्याकडून गोणपाट राहिलं." आजूबाजूची दोन दारं उघडली. मामी थांबल्या आणि माझ्याकडे दयेनं पाहायला लागल्या.

"आयकू उनं," मामा म्हणाले. "सरस लावा, दोरीनं आवळा, दोन दिवस तशीच ऱ्हावू द्या. जमेल तुम्हाला." आणि मग, मला हीच बातमी कधीची द्यायची होती अशा थाटात, मामींकडे बोट करून, "आज खालपासून आठेपावत न थांबता उनी. काल दोनदा बसनी व्हती." मामी म्हणाल्या, "चला आते, जावाईले उभा नका करू," आणि पुढे चढायला लागल्या. मामांचे डोळे पुन्हा त्यांच्या खांद्यांकडे गेले.

घरी आलो तर बायको सांधा चिकटवायला सरसाची वाटी आणि सुतळी घेऊनच बसली होती. "किती बोलले?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काहीच नाही बोलले. जमेल तुम्हाला, म्हणाले." मामा कधी एकदा शहाण्यासारखे वागतील, असं आम्ही सगळेच इतकी वर्षं म्हणत आलो होतो. ती बराच वेळ सुतळीचा गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "म्हातारे झाले हो मामा." मी पेटी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तिनं सुतळी आवळली.